जुन्या माउंटन बाईकला रोजच्या वाटेवर आणताना

नमस्कार श्रोतेहो,

माउंटन बाईक ही वस्तू मुळात जन्माला आली तीच जुन्या सायकली मोडून-जोडून. कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत, माउंट टॅमलपायस डोंगराच्या कच्च्या उतारावर काही हौशी मंडळी फुगीर टायरच्या जुनाट, जडशीळ सायकली हाकत असत. १९७६ साली त्यांनी जिथे शर्यती सुरू केल्या त्या उताराचे नाव ‘रिपॅक’ पडले, कारण खाली पोहोचेपर्यंत मागच्या चाकातला, उलटे पॅडल मारून लागणारा ब्रेक इतका तापे की त्यातले ग्रीस जळून जाई आणि चाक उघडून ते पुन्हा भरावे लागे. कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेली माउंटन बाईक त्यानंतर, १९८१ साली आली. तेव्हा आपल्या जिन्याखाली धूळ खात पडलेली अशी सायकल बाहेर काढून तिला रोज कामावर नेण्याजोगी करणे, हे तिच्या कुळाला साजेसेच आहे.

ही सायकल त्या कामाला योग्यही आहे. १९८० आणि ९०च्या दशकांतल्या पोलादी फ्रेम दणके खाण्यासाठीच बांधलेल्या असत. त्यांत रुंद टायर मावतो, मडगार्डला जागा उरते, आणि पुष्कळ फ्रेमवर कॅरियर बसवण्यासाठी आट्यांची भोकेही असतात. माझ्या अनुभवाप्रमाणे नव्या भागांवर पैसे खर्च करावे ते प्रामुख्याने दोन ठिकाणी, टायर आणि ब्रेक. बाकीचे काम बरेचसे रॉकेल, चिंध्या, ग्रीस आणि वेळ यांवर भागते. मात्र एक रुपयाही खर्च करण्याआधी फ्रेम पुसून उजेडात तपासावी. हँडलच्या नळीमागे, खालच्या दांड्याच्या पोटाशी, आणि क्रँकच्या, म्हणजे पॅडल ज्याला लागते त्या दांड्याच्या, आसपासच्या जोडांपाशी रंगात केसाएवढी बारीक रेघ दिसली, तर ती नुसता ओरखडा आहे असे मनाला समजावू नये. तडा असेल तर ती फ्रेम तिथेच सोडून द्यावी.

फ्रेम धड निघाली की खोलायला घ्यावे, आणि इथे आट्यांची दिशा आधी पाठ असावी. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे बहुतेकांना माहीत असते. क्रँकच्या एक्सलचे छर्रे धरणारी, चेनच्या बाजूची वाटीही यांतल्या बहुतेक सायकलींत उलट्या आट्यांची असते, हे मला ठाऊक होते, पण ऐन वेळी सुचले नाही. पान्याला हातभर लांब पाइप अडकवून मी अर्धा तास ती वाटी ‘सोडवत’ होतो, म्हणजे प्रत्यक्षात आणखी घट्ट आवळत होतो. नंतर ती निघाली, पण पान्याने तिच्या खाचा घासून गुळगुळीत केल्या होत्या. तेव्हापासून खडूने फ्रेमवर बाण काढल्याशिवाय मी पाना लावत नाही.

दुसरा हट्टी भाग म्हणजे सीटची दांडी. अॅल्युमिनियमची दांडी पोलादी नळीत वर्षानुवर्षे तशीच राहिली, त्यात पावसाचे पाणी झिरपले, की दोन धातूंमध्ये गंज धरतो आणि दांडी नळीला जणू डाख दिल्यासारखी चिकटते. हातोडीने ती निघत नाही, उलट चेपते. फटीत गंज सोडवणारे पातळ तेल सोडून एकदोन दिवस थांबावे. तरीही हलली नाही तर सीट काढून दांडीचे टोक भक्कम व्हाइसमध्ये पकडावे आणि चाके काढलेली फ्रेम दोन्ही हातांनी धरून तिलाच हळूहळू वळवावे. अख्खी फ्रेम पान्याच्या दांड्यासारखी काम करते, आणि एका क्षणी कर्रकन आवाज होऊन पकड सुटते. या वाटेने टोक बहुधा कामातून जाते, त्यामुळे नवी दांडी घ्यावी लागते. या दांड्यांच्या जाडीत ०.२ मिलिमीटरच्या फरकाने मापे असतात. म्हणून जुन्या दांडीवर कोरलेला आकडा वाचून तेच माप आणावे आणि बसवताना ग्रीस लावायला विसरू नये.

चेन ठेवायची की बदलायची, हे पट्टी सांगते. पट्टीचे शून्य एका पिनेच्या मध्यावर धरले तर चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. ती अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, पुढे गेली असेल तर चेन बदलावी. पूर्ण सूतभर पुढे गेली असेल तर नुसती चेन बदलून चालत नाही, कारण तोवर मागच्या चकत्यांचे दातही तिच्याबरोबर झिजलेले असतात आणि नवी चेन त्यांवरून उड्या मारते.

चाकांच्या एक्सलमधल्या छर्‍यांबाबत कंजुषी करू नये. सर्वसाधारणपणे पुढच्या चाकात एका बाजूला ३/१६ इंचाचे १०, तर मागच्या चाकात पाव इंचाचे ९ छर्रे असतात. उघडण्यापूर्वी खाली थाळी ठेवावी आणि मोजावे. छर्रे सरसकट नवे घालावेत, छर्रे ज्यावर फिरतात त्या एक्सलवरच्या निमुळत्या नटावर, म्हणजे ‘कोन’वर, खड्डे पडलेले दिसले तर तोही बदलावा. त्याच वेळी रिमच्या कडेवर पट्टी आडवी धरून पाहावी. ब्रेकच्या रबराने धातू घासून कड आत वाटीसारखी खोलगट झाली असेल, तर हवेच्या दाबाने ती एके दिवशी फाटू शकते. अशा रिममधला आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढत बसण्यात अर्थ नाही.

आता टायर. डोंगरातले गाठीदार टायर डांबरी रस्त्यावर घूं घूं करत ताकद खातात. अनेकांना गुळगुळीत टायर पावसात घसरेल अशी धास्ती वाटते, पण सायकलचा टायर अरुंद, हवेचा दाब पुरेसा आणि वेग बेताचा असल्यामुळे तो मोटारीच्या टायरसारखा पाण्यावर तरंगत नाही, म्हणून खोल नक्षीची गरज पडत नाही. रुंदी दीड ते दोन इंच ठेवावी, खड्ड्यांची वाट असेल तर दोनच्या जवळ. विकत घेताना मात्र डोळ्यांत तेल घालून आकडा वाचावा. २६ इंची म्हणून विकले जाणारे सगळे टायर एका मापाचे नसतात. २६ × १.७५ आणि २६ × १ ३/४ हे गणितात सारखे, पण पहिल्याचा रिमवर बसणारा व्यास ५५९ मिलिमीटर, तर दुसऱ्याचा ५७१, आणि एकाच्या जागी दुसरा बसत नाही. टायरच्या कडेला ५५९ हा आकडा छापलेला असेल तोच टायर आपला.

ब्रेकमध्ये फसगत होते ती जुने आणि नवे एकत्र केल्यामुळे. मधोमध वायरचा त्रिकोण करणारे कँटिलिव्हर ब्रेक काढून लांब हातांचे व्ही-ब्रेक लावले, तर हँडलवरचे लिव्हरही त्याच जातीचे लागतात, कारण व्ही-ब्रेकला जवळपास दुप्पट वायर ओढावी लागते. जुन्या लिव्हरवर व्ही-ब्रेक लावला तर लिव्हर हँडलला टेकते. उलट व्ही-ब्रेकच्या लिव्हरवर कँटिलिव्हर लावला तर हाताला ब्रेक छान कडक लागतो आणि सायकल थांबत नाही. हा दुसरा प्रकार अधिक घातक, कारण जागेवर उभ्या सायकलीवर तो उत्तम वाटतो.

पुढच्या स्प्रिंगच्या फोर्कविषयी, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याविषयी, माझे मत ठाम आहे. त्यातले रबर आणि तेल संपलेले असते, आणि रस्त्यावर तो नुसता भार होतो. साधा ताठ फोर्क लावावा, मात्र दोन्हींची उंची मोजून, कारण सुमारे २० मिलिमीटर फरकाने हँडलच्या नळीचा कोन एका अंशाने बदलतो आणि सायकल हाताला वेगळी लागते.

गिअरचा बाऊ करू नये. पुढची मधली ३२ दातांची चकती आणि मागची १६ दातांची घेतली, तर दीड इंची टायरवर पॅडलच्या एका फेऱ्याला सायकल जवळपास ४ मीटर जाते. मिनिटाला ७५ फेरे मारले तर ताशी १८ किलोमीटरचा वेग मिळतो, आणि रोजच्या जाण्यायेण्याला तेवढा पुरतो. पुढचा गिअर बदलणारा भाग बिघडलेला असेल तर तो काढून चेन मधल्या चकतीवरच ठेवावी. पूर्ण लांबीचे मडगार्ड, कॅरियर, दोन्ही दिवे आणि घंटी यांविना मात्र सायकल कामावर नेऊ नये.

पहिल्या आठवड्यात, श्रोतेहो, सायकल तयार झाली असे समजू नये. नव्या वायरींची आवरणे दबून ब्रेक आणि गिअर सैल पडतात, ते पुन्हा ताणावे. क्रँकचे बोल्ट पन्नासेक किलोमीटरनंतर एकदा पान्याने तपासावेत. सैल क्रँक दर फेऱ्याला टक् असा आवाज करते. तो आवाज ऐकूनही तसेच चालवत राहिले, तर क्रँकचे चौकोनी भोक गोलसर होत जाते, आणि मग बोल्ट कितीही आवळला तरी ती क्रँक पुन्हा घट्ट बसत नाही.