चिपळूणची पहाट खरंच शुद्ध असते का?

श्रोतेहो, नमस्कार. पहाटेची हवा सगळ्यात शुद्ध, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पावसाळ्यात ते खरं आहे. पण डिसेंबर-जानेवारीत चिपळूणला जे लोक कानटोपी घालून साडेपाचला फिरायला निघतात, ते दिवसातली बहुधा सगळ्यात धुरकट हवा छातीत भरून घरी येतात. हे ऐकून काहीजण रागावतील, पण थोडं ऐकून घ्या.

आपलं गाव कसं वसलंय ते डोळ्यांसमोर आणा. पूर्वेला सह्याद्री आणि कुंभार्ली घाट, उत्तरेला परशुरामाचा डोंगर, मधून वाशिष्ठी, आणि पश्चिमेला गोवळकोटवरून दाभोळकडे गेलेली खाडी. जागा खोलगट. वाऱ्याला मोठी वाट एकच, ती खाडीकडची.

हिवाळ्यात आकाश निरभ्र असतं. सूर्य मावळला की जमीन झपाट्याने थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड आणि जड होते. डोंगरउतारावरची अशीच गार हवा घरंगळत खाली येऊन खोऱ्यात साचते, आणि वर मात्र त्यापेक्षा ऊबदार हवा राहते. एरवी वर जावं तशी हवा गार होत जाते, इथे उलटं. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं हे आहे. पाणी तापवायच्या चुली, बंबातलं लाकूड, कुणी दारात पेटवलेला पातेरा म्हणजे वाळका पाला, महामार्गावरच्या ट्रकांचा धूर, सगळं त्या झाकणाखाली. एखाद्या चुलीचा धूर सरळ वर चढतो आणि ठरावीक उंचीवर आडवा पसरतो, हे तुम्ही पाहिलं असेल. तिथेच ते झाकण असतं. शिवाय कोयनेचं अवजल, म्हणजे वीज तयार करून सोडलेलं पाणी, पोफळी-कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येतं, म्हणून नदीला हिवाळ्यातही पाणी. त्या ओलाव्याने धुकं धरतं, आणि धूर धुक्यात मिसळला की दिसायला सगळं पांढरंच. आपण म्हणतो, वा, काय छान धुकं पडलंय!

ऊन चढलं की जमीन तापते, झाकण सुटतं. दुपारनंतर खाडीकडून खारे वारे आत शिरतात आणि हवा ढवळून निघते. म्हणजे फिरायला जायचंच असेल तर हिवाळ्यात ऊन वर आल्यावर किंवा दुपार कलताना जा.

आता मोबाइलवर दिसणारा हवेच्या प्रदूषणाचा आकडा. छोट्या गावासाठी तो अनेकदा दूरच्या केंद्रावरून किंवा उपग्रहाच्या मदतीने बांधलेला अंदाज असतो. आणि आपल्याकडे सूक्ष्म कणांची, म्हणजे पीएम २.५ची मर्यादा २४ तासांच्या सरासरीवर ठरते: घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली तीच पातळी १५ सुचवली. पण सरासरी काढली की खोऱ्यातली वाईट पहाट चांगल्या दुपारीत विरून जाते. दमेकऱ्याला सरासरी काय कामाची? त्याला पहाटेच धाप लागते.

जूनपासून प्रश्न मिटतो. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि नैऋत्येचा वारा, धूळ टिकणार कुठे? पण पाऊस धूळ धुऊन नेतो तशी ठेवूनही जातो. २२ जुलै २०२१च्या महापुरानंतर बाजारपेठेत गाळ साचला. तो वाळला, गाड्यांखाली भरडला गेला आणि नाकातोंडात गेला. ऐन पावसाळ्यातही उघडीप पडली की धूळ, हे चिपळूणकरांनी तेव्हा पाहिलं. महामार्गाच्या कामाची तांबडी धूळ तर काय, सवयीचीच.

राहिला उन्हाळ्यातला राब. कवळ म्हणजे झाडांच्या फांद्या तोडायच्या, शेण-पातेरा पसरायचा, माती टाकायची आणि भाजायचं, ही भाताच्या तरव्याची, म्हणजे रोपांची, जुनी रीत. त्यावर शहरी माणूस पटकन नाक मुरडतो, ते मला पटत नाही. शेतकरी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी भाजतो, कारण तेव्हा वारा पडलेला असतो. भर दुपारी खाऱ्या वाऱ्यात पेटवलं तर वणवा काजूच्या बागेत शिरायचा. म्हणजे आगीच्या दृष्टीने जी वेळ सुरक्षित, तीच धुराच्या दृष्टीने वाईट, कारण वारा नसला की धूर हलत नाही. वेळ बदलून हा पेच सुटत नाही. भाजायचं प्रमाणच कमी करावं लागेल. गादीवाफ्यावर, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावर, न भाजताही चांगला तरवा येतो, आणि बांधावर गिरिपुष्पाची झाडं लावली तर त्यांचा पाला चिखलात गाडून खत होतं. ज्यांनी हे करून पाहिलंय, त्यांच्या शेतावर यंदा पेरणीच्या आधी एक चक्कर मारा आणि तणाचा त्रास वाढला का, एवढं आवर्जून विचारा. भाजलं की तणाचं बी मरतं, म्हणून राब सोडायला शेतकरी कचरतो तो बहुतेक त्या तणापायीच.