दाजींचा वजा एक

नमस्कार मंडळी. आज क्रेडिट कार्ड आणि सिबिल स्कोअर, म्हणजे आपण उधारी कशी फेडतो त्याचे गुण, याबद्दल बोलायचंय, पण आधी आमच्या दाजींची गोष्ट सांगतो.

दाजींचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. तीस वर्षं झाली, कुणाचा एक रुपया उचललेला नाही. बँकेचं कर्ज नाही, हप्त्यावर काही घेतलं नाही. भिशी तेवढी असते, ती कुठल्या कोल्हापूरकराची नसते? तर दोन वर्षांमागं नवीन मशीनसाठी दाजी बँकेत गेले. साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाले, "तुमचा स्कोअर वजा एक आहे."

दाजी तिथंच उसळले. "वजा एक? शून्याच्या बी खाली? मी काय बँक लुटली का काय?"

साहेबांनी समजावलं. स्कोअर 300 ते 900 असतो, 750 च्या वर असला की बँका खूश असतात. वजा एक म्हणजे नापास नव्हे, तुमची नोंदच नाही. ज्यानं कधी कर्ज घेतलं नाही, तो फेडतो कसा हे बँकेला कळणार कुठून? दाजींना हे काही पटलं नाही. खरं सांगू, मलाही पूर्ण पटत नाही. उधारी न करणाऱ्या माणसाला उधार मिळत नाही, हा न्याय अजबच. पण आहे तो असा आहे.

मग भाचीनं तोडगा काढला. पन्नास हजारांची ठेव ठेवून त्यावर चाळीस हजार मर्यादेचं कार्ड काढून दिलं. ज्यांची नोंदच नाही त्यांना असं ठेवीवरचं कार्ड सहसा मिळून जातं. कार्ड हातात आलं आणि दाजींनी पहिल्याच आठवड्यात अडतीस हजारांचा एअर कॉम्प्रेसर उचलला! बिल आलं, त्यावर लिहिलेलं, किमान देय रक्कम एकोणीसशे. दाजींनी एकोणीसशे भरले आणि घरी येऊन ताईला सांगितलं, "बँक लई भली हाय, एवढंच मागितलं."

पुढच्या बिलात व्याज बघितलं आणि भाचीला फोन. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस! वर जीएसटी. आणि बाकी ठेवली की नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज. खाजगी सावकारसुद्धा लाजेल हो.

तेव्हा नीट ऐका. बिल पूर्ण भरायचं, तारखेच्या आत भरायचं. किमान रक्कम भरली तर हप्ता चुकला असं लागत नाही, पण व्याज चालू राहतं. पुन्हा सांगतो, पूर्ण बिल, तारखेच्या आत.

दुसरं, स्कोअर चांगला राहावा म्हणून मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत खर्च ठेवा. चाळीस हजारांची मर्यादा असेल तर बारा हजार. मोठी खरेदी करायचीच असेल तर बिल तयार व्हायच्या आधीच त्यातले पैसे भरून टाका. कार्डावर एटीएममधून रोख काढू नका, त्याला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. एकदम चार बँकांत अर्जही टाकू नका, प्रत्येक चौकशीची नोंद होते. वर्षातून एकदा तुमच्या कर्जांच्या नोंदीचा अहवाल फुकट मिळतो, तो बघा. कधी कधी चुकून दुसऱ्याचं कर्ज आपल्या नावावर चढलेलं असतं.

आता रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, त्यामुळं पोरं मिसळीचे पैसेही कार्डातून देतात. मिसळ उधारीवर खाऊ नये असं माझं आपलं मत. आणि ब्रेडऐवजी पाव देणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

तर दाजी. कॉम्प्रेसरची बाकी त्यांनी एकरकमी मिटवली. त्यानंतर कार्डावर फक्त पेट्रोल आणि वीजबिल. लेथच्या मागच्या भिंतीवर खडूनं मोठ्ठा 18 लिहिलाय, ती बिलाची शेवटची तारीख. कामगार समजतात, कुठल्या तरी जॉबचं माप असेल.

परवा गेलो तर नवीन मशीन आलेलं, हार अजून वाळायचा होता. स्कोअर 768. मी म्हटलं, "दाजी, नऊशेच्या वर जात नाही बरं का." चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "हजारातलं वरचं शंभर कोण खातंय मग?"