लाकडाच्या भट्टीसाठी ग्लेझ: कुठे द्यावे आणि कुठे जागा सोडावी

नमस्कार. लाकडावर चालणाऱ्या उच्च तापमानाच्या भट्टीसाठी भांड्यांना ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा थर, कसा द्यावा, हा आजचा विषय आहे. गॅसच्या किंवा विजेच्या भट्टीवर हात बसलेल्या अनेकांचा असा समज असतो की तेच ग्लेझ तेवढ्याच जाडीने दिले की काम भागते. लाकडाच्या भट्टीत तसे होत नाही. ही भट्टी भांड्यावर स्वतःचे एक ग्लेझ चढवते, आणि ते कुठे बसेल याचा विचार करूनच आपल्याला आपले ग्लेझ द्यावे लागते.

आधी राखेचे काम समजून घेऊ. लाकूड जळत असताना राखेचे सूक्ष्म कण ज्वाळेबरोबर भट्टीभर वाहत जातात आणि वाटेत येणाऱ्या भांड्यांवर बसतात. या राखेत कॅल्शियम मुबलक असते, शिवाय पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि थोडे फॉस्फरसही असते. साधारण १२५० अंश सेल्सिअसच्या पुढे हे घटक मातीतल्या सिलिका आणि ॲल्युमिनाशी मिसळतात, त्यांना वितळायला भाग पाडतात आणि त्यातून काच तयार होते. चीनमधल्या कुंभारांना राखेच्या या गुणाची ओळख सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच झाली होती. जपानमध्ये इसवी सनाच्या पाचव्या शतकात कोरियातून आलेल्या ‘आनागामा’ या बोगद्यासारख्या भट्टीने हीच कला पुढे नेली. जपानमधल्या शिगाराकी आणि इगा इथल्या जुन्या रांजणांच्या खांद्यांवरून ओघळलेली हिरवट काच पाहिली, तर ती कोणी हाताने लावलेली नाही यावर सहज विश्वास बसत नाही.

आपल्याकडच्या कुंभाराच्या आव्यातही लाकूड, गोवऱ्या, पाचट जळते आणि राख पडते, मग तिथल्या माठावर काच का येत नाही, हा प्रश्न रास्त आहे. तो आवा साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंतच तापतो आणि तेवढ्या उष्णतेला राख वितळत नाही. उष्णता वाढवूनही उपयोग नाही, कारण लोहाचे प्रमाण जास्त असलेली ती लाल माती १३०० अंशांना फुगते किंवा ढासळते. म्हणून या कामासाठी स्टोनवेअरची, म्हणजे एवढ्या उष्णतेला टिकून घट्ट भाजली जाणारी, माती लागते. भारतात स्टोनवेअरची ही वाट रुजवण्यात पाँडिचेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीचा वाटा फार मोठा आहे. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये ती सुरू केली आणि तिथे शिकलेल्या कलाकारांनी पुढे देशभर आपल्या भट्ट्या उभारल्या.

आता ही उभी बाटली पाहा आणि राख कुठे बसेल याचा अंदाज घ्या. खांदा आणि काठ वर तोंड करून आहेत, तिथे राख साचेल. पोटाच्या ज्या बाजूला ज्वाळा येऊन आपटेल, तिथे ती चिकटेल. मागची बाजू जवळजवळ कोरडी राहील आणि अरुंद गळ्यातून आत तर राख जाणारच नाही. म्हणून आतून ग्लेझ देणे मला बंधनकारक वाटते. बाहेरची माती उघडी ठेवण्यात सौंदर्य आहे, पण ज्या भांड्यात कोणी ताक किंवा चहा पिणार आहे त्याची आतली बाजू गुळगुळीत आणि धुता येण्याजोगी असलीच पाहिजे. आतल्या बाजूसाठी पोटॅश फेल्डस्पार (पोटॅशियमयुक्त खनिज) ४०, क्वार्ट्झ (सिलिका) ३०, व्हायटिंग (खडूची पूड) २० आणि चायना क्ले (पांढरी शुद्ध माती) १० हे जुने, भरवशाचे प्रमाण घेऊन सुरुवात करावी. भाजल्यानंतर त्यावर लिंबाची फोड रात्रभर ठेवावी. सकाळी तेवढ्या भागाचा रंग किंवा चमक बदललेली दिसली, तर ते ग्लेझ खाण्यापिण्याच्या भांड्याला वापरू नये.

बाहेरच्या बाजूला खरी परीक्षा असते. राख ही द्रावक, म्हणजे इतर घटकांना वितळवणारी, असल्यामुळे ती आपल्या ग्लेझवर पडली की ते अधिक पातळ होते आणि वाहू लागते. टेन्मोकूमध्ये हे फार स्पष्ट दिसते. आठ ते दहा टक्के लोह असलेले हे काळे ग्लेझ खांद्यावर राखेचे कॅल्शियम मिळताच पिवळसर किंवा हिरवट होते आणि धारा सोडते. ते सुंदर दिसते, पण धार भांड्याखालच्या शेल्फपर्यंत, म्हणजे भट्टीतल्या फळीपर्यंत, पोहोचली की भांडेही जाते आणि शेल्फही. त्यामुळे खांद्यावर थर पातळ ठेवावा, बैठकीच्या वर निदान एक-दीड सेंटीमीटर माती उघडी सोडावी, आणि भांडे अग्निमुखाजवळ, म्हणजे लाकूड जळते त्या जागेजवळ, बसणार असेल तर ही पट्टी आणखी रुंद करावी. थोडक्यात, भांडे भट्टीत कुठे बसणार हे ग्लेझच्या बादलीपाशी उभे असतानाच ठरलेले असले पाहिजे. अग्निमुखाजवळच्या भांड्यांना बाहेरून काहीच न देता केवळ राखेच्या हवाली करणे बहुतेक वेळा योग्य ठरते. भट्टीच्या मागच्या भागात राख कमी पोहोचते, तिथे एक-दोन टक्के लोहाचे सेलाडॉन हे हिरवट ग्लेझ आपला रंग नीट दाखवते. तांब्याचे लाल ग्लेझ मात्र मी राखेच्या वाटेत कधीच सुचवणार नाही. लाकूड घातले की हवा कमी पडते, ते जळत आले की हवा वाढते, आणि या सततच्या चढउतारात तो लाल रंग सहसा टिकत नाही.

शिनो या ग्लेझबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण लाकडाच्या भट्टीशी त्याचे विशेष जुळते. सोळाव्या शतकात जपानच्या मिनो भागात घडलेले हे पांढरे, जाडसर ग्लेझ जवळजवळ निव्वळ फेल्डस्पारचे असे. ते घट्ट असल्यामुळे वरून राख पडली तरी लवकर ओघळत नाही. १९७४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात वॉरन मॅकेन्झी यांच्याकडे शिकणाऱ्या व्हर्जिनिया वर्ट यांनी त्यात सोडा ॲश (पाण्यात विरघळणारा सोडियमचा क्षार) घालून नवा प्रकार तयार केला. भांडे सुकताना हा सोडा पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतो आणि भट्टीत लवकर वितळतो. त्याआधीच भट्टीत धूर कोंडला असेल, तर काजळी काचेखाली अडकून करड्या-काळ्या छटा उमटतात. म्हणून शिनो दिलेले भांडे सावकाश सुकवावे आणि सुकल्यावर त्याला शक्यतो हात लावू नये, कारण पुसल्या गेलेल्या जागी तो सोडा उरत नाही.

राख बादलीतून देण्याचाही मार्ग आहे. राख ४०, फेल्डस्पार ४० आणि माती २० या प्रमाणापासून चाचणी सुरू करता येते. मात्र प्रत्येक राखेचा स्वभाव वेगळा असतो. कोकणात सहज मिळणाऱ्या भाताच्या तुसाच्या राखेत ९० टक्क्यांच्या आसपास सिलिकाच असते, त्यामुळे ती लाकडाच्या राखेच्या जागी घातली तर ग्लेझ वितळणार नाही. द्रावक पुरेसा मिळाल्यास मात्र तीच राख दुधाळ पांढरेपणा देते. लाकडाची राख चाळून घ्यावी. ती पाण्यात भिजवून वरचे पाणी काढून टाकले की विरघळणारा क्षार कमी होतो आणि ग्लेझ बादलीत अधिक स्थिर राहते. हे पाणी कातडी जाळते, म्हणून हातमोजे घालावेत, आणि कोरडी राख किंवा क्वार्ट्झ हाताळताना मास्क लावलाच पाहिजे. सिलिकाची धूळ फुफ्फुसांना कायमची इजा करते.

भांडे शेल्फवर थेट ठेवू नये. ॲल्युमिना हायड्रेट आणि चायना क्ले समभाग मळून केलेल्या तीन गोळ्या बैठकीखाली लावाव्यात. भांडे आडवे भाजायचे असेल, तर याच मिश्रणाने भरलेल्या शिंपल्यांवर ते टेकवावे. शिंपल्याचा भट्टीत चुना होतो, भांड्यावर त्याच्या रेषांचा ठसा उमटतो, आणि नंतर पाण्यात ठेवल्यावर उरलेला चुना फुटून निघतो. तो ताजा, दाहक चुना असतो, त्यामुळे तिथेही हातमोजे आवश्यक आहेत.

शेवटची तयारी म्हणजे चाचणीची कडी. ज्या मातीची भांडी आहेत त्याच मातीच्या काही कड्या करून, त्यांच्या अर्ध्या भागाला तेच ग्लेझ द्यावे आणि अर्धा भाग उघडा ठेवून त्या निरीक्षणाच्या भोकाजवळ मांडाव्यात. पायरोमेट्रिक कोन, म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा मातीचा छोटा सुळका, वाकला म्हणजे उष्णतेचे काम झाले एवढेच कळते; राख किती साचली आणि ती वितळली की नुसतीच खरखरीत बसली आहे, हे त्यावरून कळत नाही. १० क्रमांकाचा कोन वाकू लागला की लोखंडी सळईने एक कडी बाहेर काढावी आणि थंड करून पाहावी. उघड्या मातीवर राख कोरडी दिसत असेल, तर लाकूड घालणे चालू ठेवावे आणि काही वेळाने पुढची कडी काढावी.