सोन्याखालची माती

(दृश्य : फ्लॉरेन्स, उफिझी संग्रहालय. गोल चित्र. कॅमेरा चित्रावरून सरकत चौकटीवर येतो.)

मायकेलअँजेलोचं ‘दोनी तोंदो’ बघायला इथे गर्दी होते. आपण चित्राची कड ओलांडून जरा बाहेर बघू. चित्र १५०६ च्या सुमाराचं, आणि त्याच्याभोवतीची चौकटही त्याच काळातली. या चौकटीतून पाच डोकी बाहेर झुकली आहेत. सर्वांत वरचं येशूचं. वेलबुट्टीत चंद्रकोरी सापडतात. ती स्ट्रोझी घराण्याची खूण, कारण चित्र करून घेणाऱ्या आन्योलो दोनी यांची पत्नी मादालेना त्या घरची. हे कोरीवकाम फ्रान्चेस्को देल तास्सो या कारागिराचं मानलं जातं.

आता त्या सोन्याकडे या. काही ठिकाणी ते आरशासारखं लखलखतं, काही ठिकाणी मऊ, मंद दिसतं. वर्ख सगळीकडे सारखाच असतो. फरक पडतो तो खालच्या थरांमुळे आणि त्यावर फिरलेल्या दगडामुळे.

(दृश्य : कार्यशाळा. लाकडी पट्टी, सरसाचं भांडं, ब्रश.)

तस्कनीतला चित्रकार चेनिनो चेनिनी यानं १४०० च्या सुमारास लाकडावर सोनं चढवण्याची सगळी रीत लिहून ठेवली. आधी कच्च्या लाकडाला सरसाचा हात. सरस उकळायचा नाही, कोमट ठेवायचा. उकळला की त्याची पकड जाते. मग जाड जिप्सम सरसात कालवून त्याचा थर. आणि त्यावर बारीक जिप्सम.

हे बारीक जिप्सम तयार करणं म्हणजे चिकाटीचं काम. भाजलेलं जिप्सम पाण्यात भिजवून महिनाभर रोज ढवळायचं. त्यातली घट्ट बसण्याची धग निघून जाते आणि हाताला रेशमासारखा मऊ लगदा लागतो. त्याचे किमान आठ हात द्यायचे. आल्प्सच्या उत्तरेकडच्या कारागिरांनी याच कामाला खडूची पूड वापरली.

इथेच बहुतेक चौकटींचं नशीब ठरतं. वरच्या थरातला सरस खालच्या थरापेक्षा कडक झाला, तर तो वाळताना आकसतो आणि खालच्या थराला ओढून उचलतो. पापुद्रे सुटतात. म्हणून वर जाताना सरस सौम्य करत न्यायचा. दुसरी चूक म्हणजे कालवताना फेस होऊ देणं. प्रत्येक बुडबुडा वाळल्यावर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र होतो, आणि सोनं चढलं की ते छिद्र आणखीच उठून दिसतं.

एवढे हात दिल्यावर कोरीवकाम बुजतं. पानांच्या शिरा, पाकळ्यांच्या कडा सगळं गुळगुळीत. मग पांढऱ्या थरातच बारीक हत्यारांनी ते पुन्हा काढावं लागतं. अठराव्या शतकातल्या पॅरिसच्या चौकटींची धार बरीचशी या दुसऱ्या कोरणीतून आली आहे, लाकडातून कमी.

(दृश्य : लाल मातीचा थर. मग वर्ख.)

त्यावर येते आर्मेनियन बोल नावाची चिकणमाती, अंड्याच्या पांढऱ्या बलकात कालवलेली. चार हात. माती इतकी बारीक, की घोटली की तीच चमकू लागते. जागा पाण्याने ओली करायची, वर्ख अलगद टेकवायचा. पाणी त्याला खाली ओढून घेतं. मिठाईवरचा चांदीचा वर्ख ज्यांनी हाताळला आहे, त्यांना ठाऊक आहे की इथे श्वाससुद्धा जपून सोडावा लागतो.

चेनिनीच्या काळी सोनार एका डुकॅट नाण्यातून १४५ वर्ख काढायचे. डुकॅट म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅम सोनं. सपाट भागांसाठी १०० पेक्षा जास्त काढू नयेत, असं चेनिनीचं म्हणणं. हिशेब केला तर त्याच्या एका वर्खात ३५ मिलिग्रॅम सोनं भरतं.

मग घोटणं. चेनिनीनं त्यासाठी घोटण्याचे दगड सांगितलेच, शिवाय कुत्रा, लांडगा, मांजर यांचे दातही. आज अकीक हा दगड वापरतात. माती फार ओली असताना घोटलं तर सोनं फाटतं, फार वाळल्यावर घोटलं तर चमकच येत नाही. उन्हाळ्यात ही वेळ भराभर निघून जाते. नीट घोटलेलं सोनं स्वतःच्याच तेजानं जवळजवळ काळपट दिसतं, हे चेनिनीचं निरीक्षण. दिवा तिरका धरा, पटेल.

(दृश्य : इंग्रजी चौकट, अठराव्या शतकाची अखेर. भिंगातून भेगा.)

आता लंडन. वास्तुरचनाकार रॉबर्ट ॲडमच्या नाजूक नक्षीची फॅशन आली आणि मण्यांच्या माळा, पानं हाताने कोरणं परवडेना. खडू, सरस, राळ आणि जवसाचं तेल मिसळून कणकेसारखा गोळा करायचा, लाकडी साच्यात दाबायचा आणि गरम, लवचीक असतानाच चौकटीवर चिकटवायचा. काम झटपट व्हायचं. पण गोळा वाळून आकसतो, खालचं लाकूड तसं आकसत नाही, आणि नक्षीला आडव्या भेगा पडतात. चौकट कोरलेली की साच्यातली, हे ओळखायला हीच खूण पुरे : लाकूड चिरतं ते रेषांच्या दिशेनं, साच्यातली नक्षी तुटते आडवी.

कोपरेही बोलतात. जुन्या चौकटीत पट्ट्या आधी जोडायचे, मग थर आणि सोनं चढवायचे. सांधा झाकला जायचा. तयार सोनेरी पट्टी कापून जोडली असेल, तर चारही कोपऱ्यांत ४५ अंशाची रेघ स्वच्छ दिसते.

(दृश्य : झिजलेली चौकट, खालची पट्टी.)

एक गोष्ट हात जोडून सांगावीशी वाटते : अशा चौकटीवर ओलं फडकं फिरवू नका. सोनं पाण्यानंच बसवलेलं आहे, पाण्यानंच सुटतं. फार तर जाड मऊ ब्रश, तोही कोरडा, आणि पापुद्रे सुटले असतील तर तोही नको. उडालेल्या जागी बाजारातला सोनेरी रंग लावणं त्याहून वाईट. तो पितळेच्या पुडीचा असतो. काही वर्षांत तपकिरी पडतो आणि शेजारच्या खऱ्या सोन्याला खोटं पाडतो.

झिजलेल्या कडांवर दिसणारी खालच्या मातीची लाली अनेकांना आवडते, म्हणून नव्या चौकटी मुद्दाम घासल्या जातात. घासलेली चौकट सगळीकडे सारखीच लाल असते. खऱ्या जुन्या चौकटीत ती लाली खालच्या पट्टीवर जास्त दिसते, कारण धूळ तिथे साचते आणि पुसणाऱ्याचा हातही तिथेच पोचतो.