सभागृहातले बाबासाहेब : खोतीपासून सीमेपर्यंत

सुरुवात पुण्याच्या जुन्या कौन्सिल हॉलपासून. १७ सप्टेंबर १९३७ रोजी, मुंबई विधानसभेच्या पुण्यातील अधिवेशनात, भायखळा-परळ मतदारसंघातून निवडून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती पद्धत रद्द करणारे विधेयक मांडले.

कोकणातली भातखाचरे पाहिली की त्या विधेयकाची निकड ध्यानात येते. सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये खोत उभा होता. तो सरकारी सारा भरी, कुळाकडून मात्र त्याच्या कितीतरी पट वसूल करी आणि वर वेठही घेई. अलिबागजवळच्या चरी गावातील शेतकऱ्यांनी तर नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून जमिनी पडीक ठेवल्या होत्या. बाबासाहेबांच्या विधेयकात खोताला वाजवी भरपाई होती आणि कसणाऱ्याला जमिनीचा कायम हक्क होता. कुणाचे लुबाडून घेण्याची भाषा त्यात नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवे. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकरी मुंबईच्या विधिमंडळावर चालून आले. अपोलो बंदराजवळच्या ज्या वास्तूत तेव्हा विधिमंडळ भरत असे, तेथे आज राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. ते विधेयक संमत झाले नाही. खोती १९४९ च्या कायद्याने संपली.

आता दिल्लीच्या संसदेकडे वळू. मुलीला वारसा, स्त्रीला घटस्फोटाचा अधिकार आणि एकपत्नीत्वाचे बंधन आणू पाहणारे हिंदू कोड बिल रखडवले गेले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्री आंबेडकरांनी राजीनामा दिला. हे कारण सर्वश्रुत आहे. राजीनाम्याच्या निवेदनाचा दुसरा भाग मात्र फारसा वाचला जात नाही, आणि आम्हांला तो तितकाच मोलाचा वाटतो. वर्षाला जमणाऱ्या ३५० कोटी रुपयांच्या महसुलापैकी सुमारे १८० कोटी लष्करावर खर्च होतात, याचे मूळ त्यांनी परराष्ट्र धोरणात दाखवले : आपण मित्र गमावले, म्हणून हा भार एकट्याने वाहावा लागतो आणि भुकेल्यांना अन्न देण्यास व उद्योग उभारण्यास पैसा उरत नाही. काश्मीरचा हिंदू व बौद्ध भाग भारताकडे ठेवून मुस्लिम भाग पाकिस्तानला द्यावा, असे त्यांचे मत होते. पूर्व बंगालमधील आपल्या लोकांचे हाल त्यांना अधिक तातडीचे वाटत होते. हे मत अनेकांना आजही पटणार नाही, परंतु भाकरीचा हिशेब आणि सीमेचा हिशेब त्यांनी कधी वेगवेगळ्या वह्यांत मांडला नाही. हे निवेदन त्यांना सभागृहात वाचू दिले गेले नाही, तेव्हा ते सभात्याग करून बाहेर पडले. हिंदू कोड पुढे चार तुकड्यांत, १९५५ आणि १९५६ मध्ये, संमत झाले.

२६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत, आता विरोधी बाकावरून, ते परराष्ट्र धोरणावर बोलले. ज्या चिनी नेते माओंच्या भरवशावर पंचशील, म्हणजे भारत-चीन शांततामय सहजीवनाची पाच तत्त्वे, उभे आहे त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास नाही, आणि तिबेटची राजधानी ल्हासा चीनच्या हाती जाऊ देऊन पंतप्रधानांनी चीनची सरहद्द भारताच्या सरहद्दीला आणून भिडवली, असे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. गोव्याबाबत त्यांचे म्हणणे असे, की सरकारने आरंभीच पाऊल उचलले असते तर छोट्याशा पोलीस कारवाईने काम झाले असते. गोवा मुक्त करण्यासाठी डिसेंबर १९६१ मध्ये सैन्य पाठवावे लागले आणि पुढच्याच वर्षी चीनशी युद्ध झाले.