पिन आठवत नाही, पूर मात्र आठवतो

[दृश्य: डोंबिवली स्टेशनबाहेरचा भाजीबाजार. संध्याकाळचे सव्वासात. गाड्यांवर पिवळे बल्ब, गर्दी.]

पाव किलो भेंडी, कोथिंबिरीची जुडी, दोन लिंबं. माझ्या मावशीने मोबाइल काढला, क्यूआर स्कॅन केला आणि तिथेच अडकली. पिन आठवेना. रोज पाच-सहा वेळा टाकलेला पिन! एकदा टाकला, चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. मागून कुणीतरी म्हणालं, "काकू, जरा बाजूला व्हा ना." भाजीवाला भला माणूस. "राहू द्या ताई, उद्या द्या," म्हणाला.

घरी येऊन मावशीने भेंडी धुतली, कोरडी पुसली, चिरायला बसली. अर्धी भेंडी चिरून झाली आणि पिन आपसूक डोक्यात आला. न बोलावलेल्या पाहुण्यासारखा.

"मला काहीतरी व्हायला लागलंय बघ," ती मला फोनवर म्हणाली. मावशीचं वय एकोणपन्नास.

[दृश्य: पावसात बुडालेला रस्ता, कमरेएवढ्या पाण्यातून चालणारी माणसं.]

आता याच मावशीला 26 जुलै 2005 बद्दल विचारा. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई जागच्या जागी थांबली. मावशीचं ऑफिस तेव्हा सायनला होतं. गाड्या बंद, म्हणून ती एलबीएस रोडने चालत निघाली. कुर्ल्याला पाणी छातीपर्यंत आलं होतं. अनोळखी पोरांनी हाताला हात धरून साखळी केली होती. घाटकोपरला एका बिल्डिंगखाली बायका चहा आणि ग्लुकोजची बिस्किटं वाटत होत्या; चहात आलं जास्त झालं होतं. चहातलं आलंसुद्धा आठवतं हिला! आणि काल टाकलेला पिन नाही.

एकच डोकं या दोन गोष्टी कशा करतं? यात विसरभोळेपणाचा भाग थोडा, वेळेचा जास्त. कुठलं रसायन रक्तात कधी उतरलं, त्यावर बरंच ठरतं.

[दृश्य: शरीराचं साधं रेखाचित्र. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी.]

मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, अधिवृक्क ग्रंथी. भीती वाटली की काही सेकंदांत तिथून अ‍ॅड्रेनलिन सुटतं. गंमत अशी की अ‍ॅड्रेनलिनला मेंदूत सहज शिरता येत नाही, रक्त आणि मेंदू यांच्यामधला पहारा त्याला अडवतो. मग ते बाहेरूनच, व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत निरोप धाडतं. निरोप पोचला की मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनलिन हे त्याच्याच जातीचं रसायन वाढतं आणि भीतीची दखल घेणारा, बदामाएवढा अमिग्डला हा मेंदूचा भाग जागा होतो. शेजारच्या हिप्पोकॅम्पसला, म्हणजे आठवणींच्या नोंदणी कचेरीला, तो सांगतो: हे पक्क्या शाईने लिहून ठेव.

लॅरी केहिल आणि जेम्स मॅक्गॉ या मेंदूशास्त्रज्ञांनी 1994 मध्ये कॅलिफोर्नियात हे करून पाहिलं. लोकांना चित्रांसोबत एक गोष्ट ऐकवली; मधल्या भागात एका मुलाला भीषण अपघात होतो. काहींना आधी प्रोप्रॅनोलॉलची गोळी दिली होती. ही गोळी अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम अडवते. आठवड्याने विचारलं, तर गोळी न घेतलेल्यांना अपघाताचा भाग जास्त ठळक आठवत होता. गोळी घेतलेल्यांना तो बाकीच्या रटाळ भागाएवढाच आठवला.

म्हणजे कुर्ल्याचं पाणी मावशीच्या डोक्यात पक्क्या शाईने लिहिलं गेलं. पण पक्की शाई म्हणजे खरी नोंद, असं समजू नका. अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान 1986 मध्ये फुटलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता. अडीच-एक वर्षांनी पुन्हा विचारलं. अनेकांची दुसरी हकिगत पहिलीशी जुळेना, आणि तरी सांगताना खात्री अगदी ठाम. मावशीच्या हकिगतीत एक निळी छत्री आहे. काका म्हणतात, छत्री त्या दिवशी घरीच खुंटीला होती.

[दृश्य: सकाळचा प्लॅटफॉर्म. लेडीज डब्याच्या दारात लोंबणाऱ्या पर्सेस.]

आता पिनकडे येऊ. अ‍ॅड्रेनलिनच्या मागून, सावकाश, दुसरा गडी येतो: कॉर्टिसॉल, ताणाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन. ताण सुरू झाल्यावर रक्तात ते चढायला वीस-तीस मिनिटं घेतं, आणि याला मेंदूच्या दारावर कुणी अडवत नाही. हिप्पोकॅम्पसमध्ये तर त्याच्यासाठी खुर्च्या मांडूनच ठेवलेल्या असतात. मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅकयुअन यांनी 1968 मध्ये उंदरांच्या मेंदूत हे पहिल्यांदा दाखवलं. ताणाचं संप्रेरक थेट आठवणींच्या कचेरीत जाऊन बसतं, ही तेव्हा नवीच गोष्ट होती.

1998 मध्ये मॅक्गॉ यांच्याच गटाने उंदरांना पाण्यातली वाट शिकवली आणि मग परीक्षेआधी विजेचा हलका झटका दिला. दोन मिनिटं आधी झटका दिला, तर वाट आठवली. चार तास आधी दिला, तरी आठवली. अर्धा तास आधी दिला, तर मात्र विसरले. तोवर कॉर्टिसॉलच्या जातीचं संप्रेरक रक्तात भरलेलं होतं. ते नवी नोंद पक्की करायला मदत करतं, पण त्याच वेळी जुनं कपाट उघडू देत नाही.

मावशीने त्या संध्याकाळी साहेबाचं बोलणं खाल्लं होतं, ठरलेली गाडी चुकली होती, आणि ठाण्यापर्यंत एका पायावर उभी होती. पिन कुठे गेला नव्हता, कपाटातच होता. भेंडी चिरताना कपाट उघडलं.

पण हे वीस वर्षांपूर्वी का होत नव्हतं? तिचा खरा प्रश्न हाच आहे, आणि तो विचारताना तिचा आवाज खाली जातो. पाळी जायची वेळ आलीय. रात्री दोनदा घामाघूम होऊन उठते, पंखा पाचवर.

या काळात इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होत जातं, आणि ते फक्त गर्भाशयापुरतं काम करत नाही. कॅथरीन वूली आणि मॅकयुअन यांनी 1990 मध्ये दाखवलं की मादी उंदराच्या चार-पाच दिवसांच्या चक्रात हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींवरचे बारीक काटे, जिथे दुसऱ्या पेशींशी जोड होतो, एका दिवसात सुमारे 30 टक्क्यांनी घटतात आणि पुढच्या काही दिवसांत पुन्हा उगवतात. एका दिवसात!

शिवाय ताणाशीही त्याचं नातं आहे. 2017 मध्ये अमेरिकेत पाळी गेलेल्या काही स्त्रियांना बर्फाच्या पाण्यात हात धरायला लावला. इस्ट्रोजेन घेत असलेल्यांचं कॉर्टिसॉल कमी चढलं, आणि डोक्यात तात्पुरतं धरून ठेवायचं काम त्यांना जास्त नीट जमलं. म्हणजे त्याच गर्दीचा, त्याच साहेबाचा मार आता जास्त लागतो. मधली उशी पातळ झालेली असते.

म्हणून लगेच केमिस्टकडे धावायचं नाही. 2003 च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत 65 च्या पुढच्या स्त्रियांना हार्मोनच्या गोळ्या दिल्यावर स्मृतिभ्रंशाचा धोका उलट वाढलेला दिसला. वय आणि वेळ बघून डॉक्टरांनीच ठरवायची गोष्ट आहे ही. आणि एक बरी बातमी: दोन हजारांहून जास्त स्त्रियांना वर्षानुवर्षं तपासणाऱ्या अभ्यासात दिसलं की पाळी जाण्याच्या मधल्या काळात नवं शिकण्याचा वेग मंदावतो, आणि पाळी गेल्यावर तो बराचसा परत येतो.

[दृश्य: नेव्हीनगरचं टोक, समुद्र, टाटा मूलभूत संशोधन संस्थेची इमारत.]

कुलाब्याच्या या संस्थेचं एक केंद्र बंगळुरूला आहे. तिथे अजय व्यास, सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना रोज दोन तास, सलग दहा दिवस, हलता येणार नाही असं जखडून ठेवलं. हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या, अमिग्डलातल्या उलट फोफावल्या. मग 21 दिवस आराम दिला. हिप्पोकॅम्पस सावरला, अमिग्डला मात्र फोफावलेलाच राहिला.

हे मी मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दोन तास हलायचं नाही? म्हणजे आपली सकाळची फास्टच की गं!"

माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे मी तिला सांगितलं. तिने मान हलवली, पण तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

[दृश्य: मावशीचं स्वयंपाकघर. कुकरची शिट्टी. काका दारात.]

दुसऱ्या दिवशी तिने भाजीवाल्याचे पैसे रोख दिले. आणि काकांचं आणि तिचं एक जुनं भांडण पुन्हा निघालं. पुराच्या त्या रात्री काका टॉर्च घेऊन समोरून आले, ते कुठे भेटले? ती म्हणते मुलुंड चेकनाका. काका म्हणतात तीन हात नाका. दोघांनाही शंभर टक्के आठवतं.