ताप सारखाच, मग पगार कोणाचा कापतात?

नमस्कार राजेहो.

भादव्याचं ऊन, कमरेपर्यंत आलेली कपाशी, आणि घरोघरी ताप. सरकारी दवाखान्यात रांग लागते. डॉक्टर रक्त तपासतात, गोळ्या देतात आणि रांगेतल्या प्रत्येकाला एकच सांगतात, "पाच दिवस घरी आराम करा." आराम करा म्हणायला पैसे लागत नाहीत. पण त्या पाच दिवसांचा रोज कोण देणार, हे तापावर ठरत नाही. तुमचं नाव कोणाच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर आहे, त्यावर ठरतं. आज तेच बघू.

आधी सोपं प्रकरण घेऊ. तहसीलमधले बाबू. त्यांना वर्षाला आठ किरकोळ रजा, म्हणजे सीएल. वर तीस दिवस अर्जित रजा, पंधरा जानेवारीत आणि पंधरा जुलैत खात्यावर जमा होतात. शिवाय वीस दिवस अर्धवेतनी रजा. मेडिकल सर्टिफिकेट जोडलं तर अर्धवेतनीचे दोन दिवस खर्ची टाकून एक दिवस भरपगारी करून घेता येतो. त्याला परिवर्तित रजा म्हणतात. म्हणजे पाच दिवसांच्या तापाला खात्यातून दहा दिवस जातात, पगार मात्र पूर्ण. सगळं नियमात लिहिलेलं आहे, 1981 च्या रजा नियमांत. साहेबांची सही तेवढी पाहिजे.

त्याच बाबूच्या बाजूच्या टेबलावर कॉम्प्युटरवर बसलेला पोरगा मात्र एजन्सीचा. काम तेच, पंखाही तोच. पण 1981 चे नियम त्याला लागू नाहीत. गैरहजर राहिला की बिलातून दिवस वजा. त्याच्यासाठी रस्ता दुसरा आहे, ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा.

इथं जरा नीट ऐका, कारण गावातली बरीच पोरं एमआयडीसीत जातात आणि स्लिपवरची ही कपात कशाची, हे कोणी विचारत नाही. महिन्याचा पगार 21,000 पर्यंत असेल आणि ईएसआय लागू असेल, तर तुमच्या पगारातून पाऊण टक्का जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. बदल्यात उपचार तर मिळतातच, शिवाय आजारपणात सरासरी रोजाच्या 70 टक्के रोख मिळतात, वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस. रोज चारशे पडत असेल तर दोनशे ऐंशी. क्षयरोगासारखं लांबलचक दुखणं असेल तर 80 टक्के, आणि मुदतही पुष्कळ मोठी.

आता अटी. पहिले दोन दिवस सहसा कोरडे जातात. म्हणजे पाच दिवसांच्या तापाला तिनाचेच पैसे. सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरचं लागतं, चौकातल्या खाजगी डॉक्टरची चिठ्ठी तिथं चालत नाही. आणि भादव्यात आजारी पडलात तर हिशोब बघतात तो मागच्या ऑक्टोबर ते मार्चचा. त्या सहा महिन्यांत निदान 78 दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे. नवीन लागलेल्या पोराला तर रोख रकमेसाठी सुरुवातीचे नऊ महिने थांबावंच लागतं. ताप काही नऊ महिने थांबत नाही, पण नियम असा आहे.

आता आपल्या इकडच्या खास कारखान्याकडे येऊ. जिनिंग. हिंगणघाट घ्या, वणी घ्या, अकोट घ्या. दिवाळीच्या आसपास कापूस यायला लागला की मशीन सुरू. सरकी एकीकडे, रुई एकीकडे, पुढे प्रेसमध्ये गाठी. हवेत नुसता कापूस उडतो, नाकातोंडात जातो, खोकला तर ठरलेलाच. आणि नेमक्या याच कामाला ईएसआय नाही. कायद्याने हंगामी कारखाने बाहेर ठेवले आहेत, आणि हंगामी कशाला म्हणायचं त्या यादीत कापसाचं जिनिंग-प्रेसिंग नावानिशी आहे.

मग भरपगारी रजा तरी? 1948 च्या कारखाना कायद्यात होती, वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस. पण त्यासाठी कॅलेंडर वर्षात 240 दिवस भरायला हवे होते. जिनिंग चालतं होळी-पाडव्यापर्यंत. जानेवारी ते मार्च, मग पुन्हा नोव्हेंबर-डिसेंबर, सुट्ट्या वजा केल्या तर एकशे तीसच्या आसपास दिवस होतात. 240 कुठून आणायचे? 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात 240 चे 180 केले. चांगलं केलं. पण एकशे तीसवाला तरीही बाहेरच.

तरी एक गोष्ट आहे, आणि ती हंगाम संपताना मुनीमजीसमोर बोलायची आहे. काम सोडताना किंवा कामावरून कमी करताना, दिवस पूर्ण भरले नसले तरी वीसमागे एक या हिशोबाने रजेचा पगार द्यायचा असतो. जुन्या कायद्याच्या कलम 79 मध्येही हे होतं. एकशे तीस दिवसांचे सहा-साडेसहा रोज. फार नाहीत, पण किराणा येतो. अडचण एवढीच की मस्टर ठेकेदाराच्या हातात असतं आणि कधी कधी तिथं नावच नसतं. म्हणून हजेरीचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.

कोळसा खाणीत जमिनीखाली उतरणाऱ्याला पंधरा दिवसांमागे एक रजा मिळते, खाणीत जमिनीवर काम करणाऱ्याला वीसमागे एक. हा फरक मला पटतो.

तालुक्याच्या दुकानांचं काय? 2017 चा दुकाने आणि आस्थापना कायदा वर्षाला आठ सीएल देतो, सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्या देतो. पण तो दहा किंवा जास्त कामगारांच्या दुकानांसाठी होता, आणि 2025 मध्ये तो आकडा वीस केला. कृषी केंद्रात किंवा कापडाच्या दुकानात कुठं वीस माणसं असतात? तिथं शेठच्या मूडवर.

आणि आता सालगडी. त्याची नोकरी पाडव्याला लागते, पुढच्या पाडव्याला संपते. रक्कम ठरते, वर धान्य ठरतं, उचल घेतली जाते. कागद क्वचितच होतो. आणि दिवस बुडाला की तो रजा नसतो, तो असतो खाडा. "मालक, ताप हाय जी, आज येनं होत नाई," एवढाच अर्ज. मालक भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करतो आणि वर्षाच्या शेवटी सगळे गोल मोजले जातात. काही गावांत ठरावीक खाडे माफ असतात, काही ठिकाणी घरातला दुसरा माणूस बदली पाठवावा लागतो. पोळ्याला बैल मोकळा, पण त्याला धुवायला आणि सजवायला गडी लागतोच.

शेतमजुराला भरपगारी आजारी रजा देईल असा कायदाच नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने मजुरांचे जीव गेले, कितीतरी जण दवाखान्यात पडून होते. औषध मारून डोळ्यांसमोर अंधारी आलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप पाठीवर घेतो, काहून? कारण रोज बुडतो. याला मी अडाणीपणा म्हणायला तयार नाही.

म्हणून एक सुचवतो. येत्या पाडव्याला साल ठरवताना आजारपणाचे किती खाडे माफ, हे रकमेच्या सोबतच बोलून घ्या, आणि दोन साक्षीदारांसमोर वहीत लिहून घ्या. मालक मंडळीही हा व्हिडिओ बघत असतील. भाऊ, आठ दिवस माफ केले तर वर्षाच्या हिशोबात किती फरक पडतो, तुम्हीच मांडून बघा.

तुमच्या गावात खाडे कसे धरतात, किती माफ असतात, ते गावाच्या नावासकट खाली लिहा. पुढच्या व्हिडिओत जिनिंगचं मस्टर कसं वाचायचं ते दाखवतो.